हरवलं की जागीच बसायचं

लहान मुलांना घेऊन रानात राहायला जायचं असेल तर आधी घराच्या गच्चीवर तंबू ठोकायचा आणि एक रात्र तिथे झोपून बघायचं, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. सिमेंटमध्ये खुंटी कशी जाणार, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी खालून पाण्याने भरलेल्या बादल्या आणवल्या आणि तंबूचे दोर त्यांच्या कड्यांना बांधून दाखवले. उज्जैनला माधवनगरातल्या आमच्या गच्चीवर तंबू उभा राहिला की आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोक बघत. शेजारच्या काकू दर वेळी विचारत, "शादी है क्या घर में?"

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. गच्चीवर तिने आधी पाणी मागितलं, मग सू, मग तिची पिवळी उशी, आणि शेवटी घर. तिला उचलून जिन्यावरून खाली आणताना मी वैतागले होते. बाबा, म्हणजे सासरे, मात्र खूश. "बघ बेटा, उशी लागते हे आपल्याला इथेच कळलं. तिथे कळून काय करणार होतो?"

ते सरकारी शाळेत पीटीचे सर होते. दर हिवाळ्यात मुलांची शिबिरं घेऊन जायचे. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि मग आम्हीच त्यांचं शिबिर झालो. मी देवासची, बँकवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे सहल म्हणजे बसने जाऊन संध्याकाळी परत. तंबूत राहायचं सगळं मी त्यांच्याकडून शिकले. मुलांना रानात खाकी किंवा हिरवे कपडे घालायचे नाहीत, लाल-नारंगी घालायचे, म्हणजे लांबून दिसतात. शिट्टी गळ्यात अडकवायची नाही, दोरी झुडपात अडकते, ती स्वेटरला सेफ्टीपिनने लावायची. पहिलं जेवण घरूनच बनवून न्यायचं, कारण भुकेलं मूल चूल पेटेपर्यंत थांबत नाही. चुलीभोवती चुन्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या आत मोठ्यांनीसुद्धा उगाच जायचं नाही. मोठ्यांनी ओलांडली की मुलं ओलांडतातच.

आणि सगळ्यात मोठा नियम हरवण्याचा. हरवलं की चालायचं नाही. जिथे लक्षात आलं तिथेच बसायचं, शिट्टी वाजवायची, मम्मी किंवा पप्पा येईपर्यंत उठायचं नाही. हे ते मुलांकडून घरीसुद्धा करून घेत. दिवाणखान्यात, जिन्यात, कधी भाजी आणायला जाताना गल्लीत. "हरवलं!" असं ते म्हणाले की माझा मुलगा होता तिथे फतकल मारून बसायचा. त्याला तो खेळ वाटायचा.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, फ्रीगंजला. नवरा बँकेत. मुलांना स्कूलबसपर्यंत सोडणं, दुपारी आणणं, खाऊ घालणं, झोपवणं हे सगळं बाबांचं होतं. ते होते म्हणून माझी नोकरी होती.

गडबड कधी सुरू झाली ते नक्की सांगता येणार नाही. एकदा ते टावर चौकातून भाजी घेऊन पायी घरी आले. स्कूटर तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, स्कूटर चोरीला गेली. नवरा जाऊन बघतो तर ती दुकानासमोर उभी, चावी तिलाच लटकलेली. "वय झालंय, होतं असं," तो म्हणाला. मग एका रविवारी ते मुलांना तयार करून बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. मुलीने येऊन मला सांगितलं, "मम्मी, आबा बोलले बस लेट आहे. पण आज तर छुट्टी आहे ना?"

त्या दिवशी मी नवऱ्याशी स्पष्ट बोलले. डॉक्टरांना दाखवू या म्हटलं.

"तू दिवसभर रिपोर्ट बघतेस ना, म्हणून तुला सगळीकडे बीमारीच दिसते," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी शांतपणे. डॉक्टरांचा विषय तिथेच राहिला.

त्या जानेवारीत आम्ही गेलो ते ठिकाण इंदूरच्या पुढे, घाट उतरल्यावर होतं. मोठा तलाव, काठाला मोकळं रान, आणि राखण करायला एक चौकीदार. परवानगी काढून तंबू लावता येत होता. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. गच्चीवरची रात्र या वेळी झाली नव्हती. बाबांनी विषय काढला नाही, आणि मीही थंडीमुळे सोडून दिला.

गाडीत बाबा पुढे बसले होते. देवास मागे पडलं आणि त्यांनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?" मुलीने सांगितलं, तलावावर. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. इंदूरच्या बायपासला परत तेच. शेवटी ती म्हणाली, "आबा, आता मी नाही सांगणार." ते हसले. नवऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला.

तिथे पोचल्यावर बाबांनी जागा निवडली ती कोरड्या नाल्यात. मऊ वाळू होती, बघायला छान. पण नाल्यात तंबू लावायचा नाही हे मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला वाटलं ते मुलांची परीक्षा घेतायत.

"बाबा, हा नाला आहे ना? तुम्हीच तर म्हणता..."

"मला शिकवतेस?" ते म्हणाले.

इतक्या वर्षांत ते माझ्याशी या आवाजात बोलले नव्हते. नवरा तंबूचा खांब हातात धरून उभा होता. "अग थंडीत कुठे पाऊस येतोय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. चौकीदार हे ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "साहब, ऊपर लगा लो, रात को इधर से जानवर पानी पीने उतरते हैं।" तेव्हा कुठे सामान वर नेलं.

वर तंबू उभा करताना बाबांनी खुंटीला दोर गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मी समोरच होते. डोळे मिटून बांधायचे ती गाठ. त्यांची बोटं दोरावरून फिरत होती आणि काहीच होत नव्हतं. मग त्यांनी दोर माझ्या हातात दिला. "तू बांध बेटा. हात गार पडलेत." मी बांधला. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

जेवणं झाली. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेव. जेवल्यावर बाबा एकदम पहिल्यासारखे झाले. मुलांना काठावरच्या चिखलात पक्ष्यांची पावलं दाखवली, बगळ्याची कुठली, टिटवीची कुठली. भैरवगढच्या छापाची लाल चादर आम्ही दर वेळी उंच फांदीला बांधतो, मुलांना आपलं घर कुठे ते लांबून दिसावं म्हणून. ती त्यांनी स्वतः आठवणीने काढली आणि नवऱ्याला झाडावर चढवून बांधून घेतली. माझं मन जरा शांत झालं. वाटलं, प्रवासाने थकले असतील, आपणच जास्त विचार करतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा मुलीच्या टाचेत काटा गेला. मी तिचा पाय मांडीवर घेऊन पिनेने काटा काढत होते. ती रडत होती. बाबा मुलाचा हात धरून आले. "मी याला घेऊन लाकडं वेचून आणतो."

"बाबा, थांबा ना जरा. हिचा काटा निघाला की मी पण येते."

नवरा स्टोव्हशी खटपट करत होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "ते काय लहान आहेत का?"

बाबा माझ्याकडे बघत होते, परवानगी मागितल्यासारखे. मी परत "थांबा" म्हटलं, पण तेवढ्यात नवरा त्यांना म्हणाला, "जा बाबा, तुम्ही जा." आणि ते गेले. मुलाची लाल टोपी झुडपांमागे काही वेळ दिसत राहिली.

काटा निघाला. चहा झाला. चहा गार झाला. मी उभी राहून हाका मारल्या. नवऱ्याने बाबांना फोन लावला, आणि रिंग तंबूतून ऐकू आली. फोन त्यांच्या पिशवीत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

कुणीतरी तंबूपाशी थांबायलाच हवं होतं, कारण ते दोघं परत आले आणि इथे कोणी नसलं तर? चौकीदार म्हणाला, मी थांबतो, धूर करतो, लांबून दिसेल. मुलीला मी मागे ठेवायला तयार नव्हते. तिच्या टाचेवर रुमाल बांधला आणि आम्ही तिघं निघालो. नवरा पुढे, जवळजवळ पळत. मी मुलीचा हात घट्ट धरलेला, इतका की ती म्हणाली, "मम्मी, दुखतंय."

लाकडं वेचायला जायची ती दिशा रिकामी होती. लाकडं तशीच पडलेली, कुणी उचललेली नाहीत. पाण्याकडे बघायचं मी टाळत होते, तरी डोळे तिकडेच जात. तलाव अगदी शांत होता. आमच्या घरात पाण्यासाठीही नियम होता, की काठावर मोठ्या माणसाचा हात सोडायचा नाही. पण हात सोडायचा नाही तो मोठा माणूसच कुठे चाललाय हे त्याला माहीत नसेल तर काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पायवाटेवर एक बाई शेळ्या घेऊन येताना भेटली. नवऱ्याने विचारलं तर ती म्हणाली, "बाबूजी तो सड़क की तरफ गए। बच्चा रो रहा था। मैंने पूछा तो बोले, घर छोड़ने जा रहा हूँ इसको।"

सडक म्हणजे घाटाचा रस्ता. ट्रकांचा. मी धावायला लागले. मुलगी लंगडत धावत होती, मग नवऱ्याने तिला पाठीवर घेतलं. मी मनात देवाला काही म्हणत होते की नाही आठवत नाही. मला फक्त हे आठवतं की ट्रकचा एकेक हॉर्न ऐकू यायचा आणि मी थांबून पुढचा आवाज काय येतो ते ऐकायची.

"शिट्टी," मुलगी पाठीवरून म्हणाली.

आम्हाला दोघांना ऐकू आली नव्हती. ती म्हणाली, "तिकडे." मग आम्हालाही आली. बारीक, तुटक, मध्येच बंद पडणारी. वाजवणाऱ्याचा श्वास पुरत नव्हता.

रस्त्याच्या अलीकडे, पळसाच्या झाडाखाली मुलगा जमिनीवर बसला होता. पाय पसरून, तोंडात शिट्टी. गालांवर धुळीचे ओघळ. बाबा त्याच्यासमोर वाकून उभे होते आणि त्याचा एक हात ओढत होते. मुलगा उठत नव्हता. दुसऱ्या हाताने त्याने झाडाचं मूळ पकडलं होतं.

आम्हाला बघून बाबा सरळ झाले. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. ते नवऱ्याकडे आले आणि म्हणाले, "अच्छा हुआ भाईसाहब आप आ गए। ये बच्चा आपका है? कैंप का बच्चा है, उठ ही नहीं रहा। इसके घरवाले परेशान हो रहे होंगे।"

आमच्या घरात हिंदी रोज असते. दुकानात, शेजारी, मुलांच्या तोंडी, भांडणात. पण बाबा आपल्या मुलाशी जन्मात कधी हिंदीत बोलले नव्हते. हिंदी बाहेरच्या माणसांसाठी.

नवरा तसाच उभा होता, पाठीवर मुलगी. मग तो म्हणाला, "बाबा, मी आहे."

"जी?"

"बाबा, मी."

मी मुलाला उचललं. तो माझ्या मानेला चिकटला आणि रडतच तक्रार सांगायला लागला. "मी आबांना बोललो, आबा, आपण हरवलो, बसा. ते बसतच नाहीत. मी किती वेळा बोललो."

परत येताना नवऱ्याने बाबांच्या खांद्यावर हात टाकला होता. दोघं पुढे चालत होते. बाबा त्याला विचारत होते, तुम्ही इकडचेच का, काय करता. तो उत्तरं देत होता. बँकेत आहे. उज्जैनला असतो. हो, दोन मुलं. मागून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

तंबूपाशी येऊन चहा घेतल्यावर बाबा भानावर आले. कपातून मान वर करून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "सगळे असे गप्प का बसलात? लाकडं आणायची नाहीत का?"

उजेड होता तोवर आम्ही सामान भरलं आणि निघालो. बाबांनी कारण विचारलं नाही. मला वाटतं त्यांना काहीतरी कळलं होतं आणि ते काय हे विचारायची हिंमत होत नव्हती. गाडीत मुलगा माझ्या मांडीवर झोपला. त्याच्या स्वेटरची शिट्टी मी काढायला गेले तर झोपेतही त्याने ती मुठीत धरली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. "मी सांगितलं होतं" हे वाक्य मी बोलले नाही, पण घरात ते सतत ऐकू येत होतं. नवऱ्याने माफी मागितली नाही. आम्ही डबा, दूध, गॅस एवढ्याबद्दलच बोलायचो. एका सकाळी तो बँकेत न जाता बाबांना घेऊन इंदूरला डॉक्टरांकडे गेला, मला न घेता. संध्याकाळी परतल्यावर त्याने फाइल टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. मी फाइल वाचली. त्यातले शब्द मला माहीत होते. तरी ते बाबांच्या नावाखाली वाचणं वेगळं होतं.

"औषधाने थोडं थांबेल म्हणतात," तो येऊन म्हणाला. "पण परत नाही फिरणार." मग खुर्चीत बसला. "मला दिसत होतं गं. स्कूटरपासून दिसत होतं." त्याच्याकडून मला एवढंच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर मला कसलंही समाधान वाटलं नाही.

आता मुलांना बसपर्यंत कोण नेणार? बाबांना हे सांगायचं कोणी? नवरा म्हणाला, मी सांगतो. पण दोन दिवस त्याच्याने झालं नाही. तिसऱ्या दिवशी मीच सांगितलं. बाबा देवघरासमोर फुलं निवडत बसले होते. मी बाजूला बसले.

"बाबा, उद्यापासून शेजारच्या काकू मुलांना बसवर सोडतील. तुम्ही पण जा बरोबर. पण मुलांचा हात काकू धरतील."

ते फुलं निवडत राहिले. मला वाटलं त्यांना समजलं नाही, आता पुन्हा सांगावं लागेल.

"तलावावर काय झालं ते मला आठवत नाही," ते म्हणाले. "खूप प्रयत्न केला. पण तुम्ही दोघं माझ्याकडे कसे बघत होता ते आठवतं." मग म्हणाले, "मुलगा रडत होता का?"

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "हो," म्हटलं.

"मी त्याला मारलं वगैरे नाही ना?"

"नाही बाबा. बिलकुल नाही. तुम्ही त्याला घरी पोचवत होता."

त्यांनी मान हलवली. "काकूंना सांग, मुलीची बॅग जड असते. ती मी धरीन."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. लोकांना वाटतं आम्ही तंबूत राहायला जाणं सोडलं असेल. आम्ही या हिवाळ्यातही गेलो, फक्त ओळखीच्यांच्या शेतावर, जवळच, जिथे पक्कं घर आहे आणि कुंपण आहे. नियम तेच ठेवले, दोन वाढवले. बाबांच्या स्वेटरलाही आता शिट्टी असते, आणि खिशात आमचे फोन नंबर लिहिलेलं कार्ड. शिट्टी लावताना ते मला लहान मुलासारखी मान वर करून देतात. कधी हसतात. कधी हात झटकतात आणि दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत. रात्री नवरा त्यांच्याबरोबर घरात झोपतो आणि मी मुलांबरोबर तंबूत. सगळे एका तंबूत असं आता होत नाही. मुलगा विचारतो, आबा आत का? मी सांगते, त्यांना थंडी वाजते.

मला अजून ठरवता येत नाही की मुलांना किती सांगावं. मुलाला तो दिवस आता नीट आठवत नाही. मुलीचं तसं नाही. मागच्या आठवड्यात मला लॅबला उशिरा जायचं होतं म्हणून मी फाटकात उभी राहून त्यांना बसस्टॉपकडे जाताना बघत होते. पुढे काकू आणि मुलगा, मागे बाबा मुलीची बॅग खांद्याला लावून. गल्लीच्या तोंडाशी काकू उजवीकडे वळल्या आणि बाबा सरळ चालत राहिले, जिथे त्यांची जुनी शाळा होती त्या दिशेला. मी हाक मारणार इतक्यात मुलगी मागे वळली. तिने त्यांची बाही धरली, त्यांना वळवलं आणि काहीतरी दाखवल्यासारखं करत, बोलत बोलत घेऊन गेली. बाबांना कळलंही नसेल.

आठ वर्षांची आहे ती. हे तिला कोणी शिकवलं नाही, आणि तिला ते इतकं सहज येतं याचं मला बरं वाटलं नाही. फाटक लावून मी आत आले आणि कामाला लागले.